साठातले चार

प्रिय मनू,

तुझे स्क्रीनशॉट मिळाले आणि त्यांच्याखालचा तो एकच प्रश्नही : 'आत्या, काय घेऊ?' त्याच्या आधी दादाचा फोन येऊन गेला होता. म्हणजे घरात एक फेरी झालेली आहे आणि आता मला पंच म्हणून बोलावलंय. पंचाने आपलं शेत कुठल्या बांधाला लागून आहे ते आधीच सांगून टाकावं. मी संख्याशास्त्र शिकवते आणि तुझ्या मायनरच्या यादीत संख्याशास्त्र आहे. दादा म्हणेल, हिला आपल्या विषयाची पोरं वाढवायची आहेत. म्हणू दे.

आधी त्या फॉर्मवर तुझं किती आणि परस्पर ठरलेलं किती, ते वेगळं करू. दुसऱ्या सत्राला एकूण 22 क्रेडिट. त्यातले 6 मेजरचे, म्हणजे वनस्पतिशास्त्राचे. त्यांना हात लावता येत नाही. मेजरला जोडलेले व्हीएससीचे 2, तेही विभागच ठरवतो. मूल्यशिक्षणाचे 2 सगळ्यांना सारखे. भाषेच्या 2मध्ये तू मराठी घेतलंस, ते झालं. राहिलं काय? मायनरचे 2, ओपन इलेक्टिव्हचे दोन कोर्स मिळून 4, एसईसीचे, म्हणजे कौशल्याच्या कोर्सचे 2 आणि को-करिक्युलरचे 2. बावीसपैकी दहा तुझ्या हातात. त्यातही एसईसीला तुमच्या कॉलेजने दोनच पर्याय दिलेत, तेव्हा खरे आठच धर. विद्यार्थ्याच्या निवडस्वातंत्र्याबद्दल आम्ही प्रत्येक कार्यशाळेत तास-तास ऐकतो, ते स्वातंत्र्य एवढं आठ क्रेडिटचं आहे. तरी नाक मुरडू नकोस. आमच्या वेळी एफवायला कुठले विषय घ्यायचे याचं उत्तर बारावीच्या ग्रुपनेच दिलेलं असायचं, आणि विज्ञानाची मुलगी इतिहासाच्या वर्गात दिसली तर ती वर्ग चुकली असंच धरलं जायचं.

हे सगळं अजून नवं आहे, आम्हालाही. केंद्राने शैक्षणिक धोरण मंजूर केलं 29 जुलै 2020 ला. राज्याचा शासन निर्णय एप्रिल 2023 मध्ये आला, त्याच वर्षी स्वायत्त कॉलेजांनी सुरुवात केली आणि संलग्न कॉलेजांत ते 2024-25 पासून आलं. कॉलेजच्या वेबसाइटवर जे तक्ते तुला फार विचारपूर्वक आखलेले वाटतात, त्यातले बरेच एखाद्या शनिवारी दुपारी स्टाफरूममध्ये चहाबरोबर ठरलेले असतात. खोटं नाही सांगत, मीही त्या टेबलाशी बसते.

त्या टेबलाशी ज्या शब्दावरून आवाज चढतात तो शब्द तुला माहीत असावा : वर्कलोड. असिस्टंट प्रोफेसरला आठवड्याला 16 तास शिकवावं लागतं. विभागाकडे तेवढे तास नसले की पद जातं, निदान जाण्याची भीती असते. मेजरचे तास कमी झाले, मग ओपन इलेक्टिव्हमधून ते भरून काढायचे. म्हणून बास्केटमध्ये कुठला कोर्स आहे हे पुष्कळदा मुलांना काय हवं यावरून ठरत नाही, कुठल्या विभागाचे किती तास कमी पडतात यावरून ठरतं. नावं मात्र मुलांकडे बघून ठेवतात. एखादा जुनाच विषय 'डिजिटल युगातील' असं काहीतरी पुढे लावून येतो आणि त्याची लिंक उघडल्याबरोबर जागा संपतात. यात कुणाची लबाडी आहे असं मला वाटत नाही, पोटाचा प्रश्न आहे. पण तू कोर्सच्या नावावर जाऊ नकोस. कोण शिकवतंय ते बघ. तासिका तत्त्वावर येणारे सर किंवा मॅडम असतील तर लगेच तोंड वाकडं करू नकोस. आमच्याकडचे काही सर्वांत चांगले वर्ग त्यांचेच असतात. एवढंच विचारून घे की ते सत्र संपेपर्यंत असणार आहेत का.

आता मार्क. तू लिहिलंस की मैत्रिणी 'स्कोअरिंग' काय आहे ते विचारून घेताहेत. आकड्यांतच बोलू, ते माझं काम आहे. समज, एका 2 क्रेडिटच्या कोर्समध्ये सोप्या विषयात तुला ओ ग्रेड मिळाली असती, 10 गुण. त्याऐवजी अवघड विषय घेतलास आणि ए मिळाली, 8 गुण. फरक 2 गुणांचा, गुणिले 2 क्रेडिट, म्हणजे 4. त्याला 22 ने भाग. तुझा एसजीपीए 0.18 ने घसरला. तीन वर्षांच्या 132 क्रेडिटमध्ये तोच फरक 0.03 होतो. एवढ्यासाठी अख्खं सत्र एखाद्या कंटाळवाण्या वर्गात बसून काढायची का, ते तूच ठरव. मेजरमध्ये मात्र हा युक्तिवाद मला ऐकवू नकोस. तिथले क्रेडिट जास्त आहेत आणि चौथ्या वर्षी ऑनर्स विथ रिसर्च करायचं मनात आलं तर पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के लागतात.

माझा निकष एकच आहे. जे तू एकटीने शिकू शकतेस त्यासाठी हे मोजके क्रेडिट खर्चू नकोस. जिथे समोर माणूस असल्याशिवाय, त्याने तुझी वही ओढून घेऊन 'हे काय लिहिलंस?' असं विचारल्याशिवाय चालतच नाही, तिथे ते लाव. आणि जमलंच तर असा विषय बघ की जो तुझ्या वनस्पतिशास्त्राला प्रश्न विचारेल.

बाबासाहेबांवरच्या भाषणांत त्यांच्या अठरा तासांच्या अभ्यासाचा उल्लेख हमखास येतो. त्या तासांत त्यांनी काय काय निवडलं होतं, ते क्वचित कुणी सांगतं. जुलै 1913 मध्ये ते न्यूयॉर्कला पोहोचले. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती, मुदत तीन वर्षं. कोलंबिया विद्यापीठात मुख्य विषय अर्थशास्त्र. त्या तीन वर्षांतल्या कोर्सचा हिशेब उपलब्ध आहे : अर्थशास्त्राचे 29, इतिहासाचे 11, समाजशास्त्राचे 6, तत्त्वज्ञानाचे 5, मानववंशशास्त्राचे 4, राज्यशास्त्राचे 3 आणि प्राथमिक फ्रेंच व जर्मनचा प्रत्येकी 1. बेरीज कर, 60 होतात. परदेशात आलेला, शिष्यवृत्तीवर जगणारा, मुदत डोक्यावर असलेला विद्यार्थी. त्याने फक्त अर्थशास्त्राचेच कोर्स घेतले असते तरी कुणी नावं ठेवली नसती. सेलिग्मनसारखे अर्थतज्ज्ञ शिकवायला होते. तरी निम्म्याहून जास्त कोर्स अर्थशास्त्राच्या बाहेरचे आहेत. तत्त्वज्ञानात ते जॉन ड्यूई यांच्या वर्गाला बसत, हे तू ऐकलं असशील.

मला त्या यादीत सगळ्यात जास्त रस आहे तो मानववंशशास्त्राच्या चारमध्ये. साठातले चार. त्या विषयाचे प्राध्यापक अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या सेमिनारमध्ये 9 मे 1916 रोजी बाबासाहेबांनी एक निबंध वाचला, 'कास्ट्स इन इंडिया'. पुढच्या वर्षी तो 'इंडियन अँटिक्वेरी'त छापून आला. जात टिकते ती जातीतच लग्नं लावण्याच्या नियमामुळे, हा त्या निबंधाचा गाभा आहे. वय पंचवीस, आणि आज शंभराहून जास्त वर्षांनी समाजशास्त्राच्या वर्गात तो निबंध वाचावाच लागतो. त्यांच्या पीएच.डी.चा विषय होता ब्रिटिश भारतातली प्रांतिक वित्तव्यवस्था. तो ग्रंथही मोठाच आहे, पण तो किती जण उघडतात?

मानववंशशास्त्राची पुस्तकं त्यांना ग्रंथालयात बसूनही वाचता आली असती, आणि वाचनाला तर ते कधीच कमी पडले नाहीत. पण सेमिनार म्हटला की ठरलेल्या तारखेला लिहून न्यावं लागतं आणि शंका काढायला तयार असलेल्या लोकांसमोर उभं राहून वाचावं लागतं. जातीचा अनुभव त्यांच्याकडे लहानपणापासून होता. तो कुठल्या चौकटीत मांडायचा, आधीच्या अभ्यासकांचं कुठे चुकलं ते कसं दाखवायचं, हे त्या वर्गासाठी करावं लागलं. हे सांगताना तुझ्या डोक्यावर बाबासाहेबांचं ओझं ठेवायचा माझा विचार नाही. साठ कोर्स सोड, तू आठ क्रेडिट नीट वापर.

आता मायनर. इथे जपून, कारण ओपन इलेक्टिव्ह दर सत्राला बदलतं, ते फसलं तर सहा महिन्यांत सुटका होते. मायनर पदवीपर्यंत सोबत राहतं, अठरा-वीस क्रेडिटचं होतं. दादाचं म्हणणं संगणकशास्त्र. त्याचा हेतू मला कळतो, उद्या नोकरी मागताना कागदावर काहीतरी चालतं-फिरतं दिसावं. पण पहिल्या सत्रात तिथे पायथॉनच शिकवणार. ते 'स्वयं' आणि एनपीटीईएल या ऑनलाइन मंचांवर फुकट आहे, चांगलं शिकवलेलं आहे, आणि प्रोग्रॅम चुकला तर संगणक स्वतःच लाल अक्षरात सांगतो. संख्याशास्त्रात तसं होत नाही. उत्तर चुकलं तरी आकडा येतोच, दोन दशांश स्थळांपर्यंत अगदी देखणा येतो. तिथे कान पकडायला कुणीतरी लागतं.

आणि गंमत बघ. जगभरात मशीन लर्निंगच्या पहिल्या धड्याला मुलांच्या हातात जो डेटा देतात तो आयरिसच्या फुलांचा असतो. तीन जाती, प्रत्येकीची 50 फुलं, प्रत्येक फुलाची चार मापं : सेपल आणि पेटल यांची लांबी-रुंदी. ती मापं एडगर अँडरसन या वनस्पतिशास्त्रज्ञाने घेतली होती आणि 1936 मध्ये रोनाल्ड फिशर यांनी ती आपल्या निबंधात वापरली. हे फिशर 1919 मध्ये इंग्लंडमधल्या रॉथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात लागले. तिथे गव्हाच्या उत्पन्नाच्या कित्येक दशकांच्या नोंदी पडून होत्या. खताने पीक वाढलं की त्या वर्षीच्या पावसाने, हे कसं ओळखायचं, या शेतातल्या प्रश्नातून आज मी फळ्यावर शिकवते त्यातलं निम्मं संख्याशास्त्र उभं राहिलं. तुमच्या विषयाचा माझ्या विषयावर हा जुना हक्क आहे.

इंग्लंडपर्यंत जायची तरी काय गरज? आपल्या सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे. 1932 मध्ये फर्ग्युसनमधून पदवी, मुख्य विषय गणित, दुय्यम विषय भौतिकशास्त्र. शेतीशी दोन्हींचा संबंध नाही. पुढे लंडनला जाऊन संख्याशास्त्र शिकले आणि परत येऊन पिकाच्या उत्पन्नाचा अंदाज कसा काढायचा यावर त्यांनी काम केलं. शेतात एक चौकट आखायची, तेवढंच पीक कापायचं, मळायचं, वजन करायचं. चौकट लहान ठेवली तर काम झटपट होतं. सुखात्म्यांचं म्हणणं असं की लहान चौकटीत उत्पन्न फुगून येतं. कारण अगदी कडेवरचं रोप आत धरायचं की बाहेर, असा प्रश्न आला की माणसाचा हात ते आत ओढतो. चौकट जेवढी लहान, तेवढी तिच्या क्षेत्राच्या मानाने कड जास्त. यावरून त्यांचा महालनोबिसांसारख्या मोठ्या संख्याशास्त्रज्ञाशी वाद झाला.

हे तुला ओळखीचं वाटलं असेल. तुझ्या आजोबांच्या सोयाबीनच्या रानात जो पीक कापणी प्रयोग होतो तो हाच. त्या चौकटीतल्या वजनावरून महसूल मंडळाचं सरासरी उत्पादन निघतं, ते उंबरठा उत्पादनापेक्षा कमी भरलं तर विम्याची भरपाई मिळते, नाहीतर नाही. पारावर या प्रयोगावरून होणारी भांडणं तू ऐकली आहेस. त्यात रोप कुठलं, दाणे भरले होते का, हे सांगणारे पुष्कळ असतात. चौकट कुठे टाकली आणि का तिथेच टाकली, हे विचारणारा एखादाच असतो. वनस्पतिशास्त्र आणि संख्याशास्त्र दोन्ही येणाऱ्या मुलीने तिथे उभं राहिलेलं मला बघायचं आहे. झालं, माझ्या शेताची बाजू मांडून झाली.

ओपन इलेक्टिव्ह दुसऱ्या शाखेतलंच घ्यावं लागतं, ते चांगलंच आहे. तुझ्या यादीत 'वैयक्तिक अर्थनियोजन' आहे आणि दादाने त्याच्यावर बोट ठेवलंय. मनू, ते तू दादाबरोबर एका दुपारी बँकेत बसून शिकशील. त्याला सांग, मला पीपीएफचं खातं उघडून दे आणि तुझं आयकराचं विवरणपत्र भरताना शेजारी बसू दे. त्यालाही बरं वाटेल.

मी त्या यादीतली मोडी लिपी घेतली असती. किती जणांनी तिच्यावर खूण केली असेल याची कल्पना मला आहे. पण मोडी एकटीने शिकणं फार कठीण. अक्षरं तक्त्यावरून पाठ होतात, पुस्तकंही मिळतात. मात्र खरा कागद समोर आला की लेखणी न उचलता सलग लिहिलेली ती ओळ, शब्दांमध्ये जागा नाही, प्रत्येक कारकुनाचं वळण वेगळं. तिथे वाचून दाखवणारं माणूस शेजारीच लागतं. पुण्यात राहतेस तू. पुराभिलेखागारात पेशवे दफ्तराचे रुमालच्या रुमाल आहेत, इतिहासाचार्य राजवाड्यांनी 1910 मध्ये स्थापन केलेलं भारत इतिहास संशोधक मंडळ सदाशिव पेठेत आहे, तुझ्या हॉस्टेलवरून बसने जाशील. 2023 मध्ये कुणबी नोंदी शोधायला सुरुवात झाली तेव्हा गावोगावच्या कचेऱ्यांत मोडी वाचणारी माणसं हुडकावी लागली, हे तू बातम्यांत पाहिलं असशील. दादाला नोकरीचा मुद्दा हवा असेल तर हा सांग.

मला मात्र त्यात तुझी झाडं दिसतात. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारासाठी लाकूड कुठून आणावं याच्या सूचना आहेत, आणि आंबा-फणसाची झाडं तोडू नयेत, कारण रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात, असाही विचार आहे. ते छापील मिळतं, त्यासाठी मोडी नको. पण पाटबंधारे, बागा, झाडांची मोजदाद, कुठल्या जमिनीत काय पेरलं, दुष्काळात काय जळलं, असल्या व्यवहाराचे साधे कागद अजून कितीतरी कुणी वाचलेले नाहीत. इतिहासवाल्यांना वनस्पती ओळखता येत नाहीत आणि वनस्पतिशास्त्रवाल्यांना मोडी येत नाही. आता मी काय सांगते आहे ते तुझ्या ध्यानात आलं असेल.

दुसरं ओपन इलेक्टिव्ह तुझं तू बघ. 'मराठी रंगभूमीचा परिचय' तुला आवडेल, पण त्याचा अभ्यासक्रम मी उघडून पाहिला. 1843 च्या विष्णुदास भाव्यांपासून आजपर्यंत सगळं त्यात आहे. 2 क्रेडिट म्हणजे 30 तास. त्यातून सुट्ट्या, अंतर्गत परीक्षा आणि गॅदरिंग वजा कर. पावणेदोनशेहून जास्त वर्षं बावीस तासांत म्हणजे नावांची आणि सालांची उजळणी होणार. त्यापेक्षा दोन नाटकं पूर्ण वाचून घेऊन एक प्रवेश करायला लावणारा कोर्स असता तर मी डोळे मिटून हो म्हटलं असतं. तेव्हा एसवायच्या मुलींना गाठ आणि विचार : रंगभूमीच्या मॅडम वर्गात करून काय घेतात? मार्क कसे देतात ते मुली न विचारताच सांगतील. जमलं तर परवानगी काढून एखाद्या तासाला मागे जाऊन बस. शिक्षक सहसा नाही म्हणत नाहीत, उलट खूश होतात.

को-करिक्युलरला एनएसएस घे. सात दिवसांच्या शिबिरात खड्डे खणताना तुला लोकांच्या शेतातली झाडं बघता येतील आणि एकदा तरी स्वतःचं ताट स्वतः घासशील. एसईसीच्या दोन पर्यायांतला रोपवाटिकेचा घे. दुसऱ्याबद्दल मला काही बोलायचं नाही.

फॉर्म शेवटच्या रात्री भरू नकोस, सर्व्हर बसतो. पसंतीक्रम विचारला असेल तर तिसरा पर्यायही मनापासून भर, कारण पुष्कळांना तिसराच मिळतो. सबमिट झाल्यावर पीडीएफ काढून ठेव. आणि क्रेडिट बँकेचा, म्हणजे एबीसीचा आयडी उघडून त्यावरचं नाव आधारवरच्या आणि मार्कशीटवरच्या नावाशी अक्षरन् अक्षर जुळतंय का ते बघ. आमच्याकडे गेल्या सत्रात एका स्पेलिंगमधल्या जादा 'ए'मुळे काही मुलांचे क्रेडिट अडकले होते आणि ते सोडवताना ऑफिसच्या खिडकीशी त्यांचे कितीतरी दिवस गेले.

दादाशी मी बोलते. तो चिडणार नाही, फार तर म्हणेल, मोडी शिकून काय करणार. त्याला बुध गाव ठाऊक आहे, तिथूनच सुरुवात करीन. वहिनीला सांग की पुढच्या आठवड्यात सोलापूरला जाताना थांबेन, जेवायला काही विशेष करू नये.

तुझी
आत्या

ता. क. मोडीला पुरेशी मुलं झाली नाहीत तर तुमचं कॉलेज तो कोर्स रद्द करेल आणि तुम्हाला उचलून जिथे जागा असेल तिथे टाकेल. तेव्हा आजच तुझ्या रूममेटला विचार. ती कॉमर्सची आहे ना? तिलाही दुसऱ्या शाखेतलंच काहीतरी घ्यावं लागणार आहे. आणखी दोघी-तिघी मिळाल्या तर त्यांची नावं घेऊन इतिहास विभागाच्या मॅडमना आधीच जाऊन भेटा.